गच्चीची चावी

काही दुखणी भारी लबाड असतात. डॉक्टर दारात दिसला की ताप उतरतो, आणि डॉक्टर कोपऱ्यावरून वळला की पुन्हा अंग तापतं. मोनालीने नेरे गावाला दिलेल्या इंटरनेटच्या लिंकचं अगदी असंच चाललं होतं.

सकाळी नेऱ्याच्या दवाखान्यातून डॉक्टर वसुंधरांचा फोन यायचा, "मोनाली, गेली." खांदा कॉलनीतल्या आपल्या एका खोलीच्या ऑफिसात मोनाली लॅपटॉप उघडायची, तर लिंक खरोखरच शेवटच्या घटका मोजत असायची. मग स्कूटर काढून ती विचुंब्याला जायची, नीलसागर सोसायटीच्या गच्चीवर चढायची, पाण्याच्या टाकीवरच्या आपल्या खांबाशी वायर जोडून बघायची, आणि लिंक ठणठणीत! तासभर बसून राहिलं तरी पापणी हलायची नाही. वैतागून ती खाली उतरायची आणि खांदा कॉलनीत पोचून हेल्मेट काढते न काढते तोच पुन्हा फोन, "मोनाली, परत गेली."

आता ही लिंक म्हणजे काय, तर दोन इमारतींवरच्या दोन थाळ्या. एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या, पाठीला राउटरची पेटी. मधे वायर नाही. अंधारात लांबच्या भिंतीवर बॅटरीचा झोत टाकावा, तसं हे काम. हात जरासा हलला की झोत कुठल्या कुठे जातो. नेऱ्याला केबल नेऊन झाली होती, पण रस्ता खणायची हौस सगळ्यांनाच. केबल दर दोन महिन्यांनी तुटायची. शेवटी मोनालीने हवेतून जायचं ठरवलं. खांदा कॉलनीतून थेट नेरे दिसत नाही, मधे टॉवरच टॉवर. म्हणून मधला टप्पा विचुंब्याचा. तिथल्या टाकीवर उभं राहिलं की इकडे कॉलनी आणि तिकडे डोंगराखालचं नेरे, दोन्ही स्वच्छ दिसतात.

तिची भागीदार हेतल तेव्हाच म्हणाली होती, "सरळ साखळी नको गं. जाळं करू या. चार इमारती एकमेकींना धरून राहतील, एकीचा हात सुटला तर दुसरी धरेल." मोनालीने ऐकलं नव्हतं. तिला सरळ रेषा आवडायची. कागदावर तीन ठिपके आणि दोन रेघा, किती सुंदर दिसत होतं ते! आणि आता त्याच सुंदर रेघेने तिच्या नाकी नऊ आणले होते.

गोष्ट साधी नव्हती. डॉक्टर वसुंधरांच्या दवाखान्यात एक्स-रे मशीन होतं, पण एक्स-रे वाचणारे मोठे डॉक्टर खांदा कॉलनीत बसायचे. फोटो या लिंकवरून जायचे, तासाभरात उत्तर यायचं, पेशंटची पनवेलची फेरी वाचायची. एके दिवशी मनगट मोडलेली एक बाई सकाळपासून बाकावर बसून होती. दुपारी लिंक सुधारली तेव्हा कुठे तिचा फोटो गेला.

"मोनाली, तू मेहनती मुलगी आहेस, मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्या बाईला मी काय सांगू? हा महिना बघते. सुधारली तर ठेवू. नाहीतर तुझी थाळी काढून घेऊन जा."

थाळी काढून न्यायची! तिची स्वतः आखलेली पहिलीच लिंक होती ती. 

विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेलमध्ये काहीही बिघडलं की लोक वर बघतात. दूध नासलं तरी विमान! नीलसागरच्या वॉचमननेही छातीठोकपणे सांगितलं, "ताई, विमान गेलं की तुमचं नेट कापलं जातं." मोनालीने दोन सकाळी बसून पाहिलं. विमानं गेली, लिंकला काही झालं नाही. मग तिने धुक्याला धरलं, पण दाट धुक्याच्या दिवशी लिंक मस्त चालली. उन्हाला धरावं तर दुपारच्या रणरणत्या उन्हात ती उलट सुधारायची. शेजारचे दुसऱ्या कोणाचे राउटर मधे तोंड घालतायत का, तेही तपासलं. मधल्या शेतातली झाडं बघितली. झाडं बिचारी होती तिथेच होती.

पण तिला सगळ्यात जास्त छळत होती ती एक भलतीच गोष्ट. हेतल ऑफिसातल्या कॅलेंडरवर खराब दिवसांभोवती लाल गोल करायची. हे गोल महिनाभर सारखे पसरलेले नव्हते. चार-पाच दिवस गच्च गर्दी, मग शांतता, मग पुन्हा गर्दी. पंधरवड्याने येणारं दुखणं! पहिला दिवस सर्वांत वाईट, दुसरा जरा बरा, तिसरा आणखी बरा. आणि मोनाली पोचली की सगळं आलबेल. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे, ते कळत नव्हतं. रात्री डोळे मिटले तरी तिला ते लाल गोल दिसायचे. खरं सांगायचं तर काळजीइतकंच तिला कुतूहलही होतं. लहानपणी घरातला मिक्सर खोलून बसणारी मुलगी ती. न कळलेली गोष्ट तिला जेवू देत नसे.

या सगळ्या त्रासात एकच सुख होतं, रंभामावशी.

नीलसागरच्या शेवटच्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, रंभामावशीचा फ्लॅट. मावशी मूळची उरणकडची, करंजाची कोळीण. मुलाला बंदरात नोकरी, त्याने विचुंब्याला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. मुलगा-सून सकाळी कामाला गेले की मावशी एकटी. गच्चीची चावी सोसायटीने तिच्याकडे ठेवली होती. मोनाली निघताना फोन करायची, "मावशी, येतेय." पोचल्यावर मावशी तिला हाताला धरून सोफ्यावर बसवायची.

"बस गो बाय, चा पी. चावी शेजारनीनं नेलीय, आनते मी."

चावी कधी शेजारणीकडे असायची, कधी खाली वॉचमनकडे, कधी मावशीला आठवतच नसायचं. मोनालीचा चहा संपत आला की मावशी पदराला हात पुसत, धापा टाकत परत यायची. हातात चावी. आलं घातलेला, दुधाचा तो चहा इतका फक्कड असायचा की मोनालीला उशिराचं काही वाटत नसे. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयता चहा कोणी हातात देणं तिच्या वाट्याला फारसं येत नव्हतं. शिवाय निघताना मावशी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी द्यायची, सुके बोंबील. "तुज्या बापाला दे. दुकानातलं खात असंल तो बिचारा."

एकदा हेतल सोबत आली होती. टाकीच्या शिडीवर अर्ध्यात तिने नाकाला रुमाल लावला. "मोनाली, इथे मच्छीचा केवढा वास येतोय!"

मोनाली हसली. "तुला शेजारच्या गावात आमटी शिजली तरी मच्छीचा वास येतो."

"अगं खरंच येतोय. इथेच कुठेतरी."

मोनालीने नाक वर करून श्वास घेतला. तिला काही म्हणजे काही वेगळं वाटलं नाही. आगऱ्याच्या घरात वाढलेली पोर. सुक्या मासळीचा वास हा तिच्यासाठी वास नव्हताच, घरातल्या हवेचा भाग होता. हेतल पडली शाकाहारी, तिचं नाक नाजूक, असं म्हणून तिने तो विषय तिथेच मिटवला. एवढी हुशार मुलगी, पण तिच्या घरातल्या कोणीही हेच केलं असतं.

महिन्याचे थोडे दिवस उरले होते. संध्याकाळी मोनालीने भाकऱ्या टाकल्या, मावशीचे बोंबील तव्यावर भाजले आणि बापासमोर ताट ठेवलं. तिचे वडील काशिराम. उमेद होती तोवर मिठागरात राबले, मिठागरं गेली तशी चाळीच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या. आता त्यांचं मुख्य काम म्हणजे जेवणाला नावं ठेवणं. पण या बोंबलांना ते नावं ठेवत नसत.

"मोना, ह्या बाईला हात हाय," ते कुडुम कुडुम चावत म्हणाले. "आनि माल पन उधानाचा हाय. भांगाचा आसा नसतो."

"म्हंजे काय बाबा?" मोनालीचं लक्ष लॅपटॉपवर होतं.

"म्हंजे काय, म्हंजे आवस-पुनवेचा. आवस-पुनवेला पानी जोरात धावतं, तवाच डोलीच्या जाल्यात मासली घुसते. मंग चार दिस ढिगानं बोंबील. मधी भांग आला की पानी मंद, होड्या किनाऱ्याला, कोली जालं शिवत बसतो." त्यांनी आणखी एक बोंबील उचलला. "मिठागराचं पन तसंच व्हतं. उधानाचंच पानी आत घेयाचं."

मोनालीची बोटं की-बोर्डवर थांबली. चार दिवस ढिगाने. मग शांतता. पंधरवड्याने पुन्हा.

ती उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. ऑफिसातले लाल गोल तिला तोंडपाठ होते. अमावास्या आणि तिच्या पुढचे दिवस. पौर्णिमा आणि तिच्या पुढचे दिवस. एकही गोल भलतीकडे नव्हता. तिच्या अंगावर काटा आला, भीतीचा नव्हे, आनंदाचा.

"बाबा, विचुंब्याला भरतीचं पानी येतं?"

"विचुंब्याला? गाढी नदी हाय ती, खाडी नाय. तिथं कसलं उधान?" काशिराम हसले. "कुनी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं नव्हतं. मग उधाणाबरोबर विचुंब्याला काय येत होतं? मोनालीने ताटातल्या बोंबलाकडे पाहिलं. हातात घेऊन तोलला. वजनच नाही, वाळकं पान जसं. आणि ओला? ओला बोंबील म्हणजे कातडीत भरलेलं नुसतं पाणी. पहिल्या दिवशी जड, दुसऱ्या दिवशी हलका, तिसऱ्या दिवशी पान. तिला हेतलचा रुमाल आठवला. धापा टाकत येणारी मावशी आठवली, पदराला पुसलेले हात आठवले. आणि चावी! रोज नव्या ठिकाणी हरवणारी चावी.

"काय झालं गो? घास घशात अडकला का?" काशिराम म्हणाले.

"नाय बाबा," ती म्हणाली. "बाहेर आला."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन यायच्या आतच ती निघाली. या वेळी तिने मावशीला फोन केला नाही. जिना चढून वर आली तर मावशीच्या दाराला कडी आणि गच्चीचं दार सताड उघडं. ती पावलांचा आवाज न करता टाकीची शिडी चढली.

टाकीच्या स्लॅबवर मावशी पाठमोरी उभी होती. पायाशी दोन टोपल्या, ताज्या बोंबलांनी भरलेल्या. ती दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. हात असे चालले होते की बघत राहावं. आणि दोरी? दोरीचं एक टोक पाण्याच्या पाईपला होतं आणि दुसरं मोनालीच्या खांबाला, वरच्या बाजूला, नेऱ्याच्या थाळीच्या अगदी खाली, कोळ्याच्या पक्क्या गाठीने बांधलेलं. ओझ्याने खांब वाकला होता. नेऱ्याकडे बघायचं सोडून थाळी प्रबळगडाकडे बघत होती. खांदा कॉलनीकडची थाळी जवळच्या टप्प्याची, तिचं चालून जात होतं. मरण होतं ते नेऱ्याचं.

मावशी वळली. हातातली जोडी तशीच राहिली.

"फोन नाय केलास गो?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

मोनालीला आधी राग आला. इतके दिवस ती विमानं मोजत होती, धुकं बघत होती, झाडांवर संशय घेत होती! मग तिला एकदम भलतंच काहीतरी लागलं, मनाला.

"मावशी, म्हणजे तो चहा मला अडवायला होता? मी पीत बसायची आणि तुम्ही वर येऊन हे सगळं गोळा करायच्या?"

मावशीने हातातली जोडी टोपलीत ठेवली. मग सांगायला लागली. आली त्या वर्षी तिने बाल्कनीत बोंबील वाळत घातले. सोसायटीने मिटिंग घेतली. सेक्रेटरी कृष्णकांत सगळ्यांसमोर बोलला की आमची सोसायटी आहे, कोळीवाडा नाही. मुलगा घरी आला तो मान खाली घालून. आईला म्हणाला, दुकानात मिळतात की.

"दुकानात मिलतात ते मला म्हायती नाय काय?" मावशीचा आवाज फाटला. "जलम गेला माजा बांबूच्या वलांडीवर बोंबील टाकन्यात. हितं काय, बटन दाबलं का पानी, बटन दाबलं का कपडं धुतलं. हातांनी करायचं काय? भाचा उधानाला टेंपोतून माल देऊन जातो. हितं वर वारा हाय, कोनाला वास जात नाय. खांब दिसला, मजबूत वाटला, बांधली दोरी. कोनी आलं का टोपलीत भरून टाकीमागं ठेवायची."

"तो खांब नेऱ्याच्या दवाखान्याचा आहे, मावशी. तो वाकला की पेशंटचे फोटो जात नाहीत. एक बाई मोडका हात घेऊन बसून होती."

मावशीने दोन्ही हात तोंडावर नेले. मोडका हात तिला लगेच कळला, बाकीचं नाही कळलं तरी. मग ती दोरीची गाठ सोडायला लागली. ओल्या दोरीवर बोटं घसरत होती. "नको मला. दवाखान्याच्या मधी नको. मी बंद करते. तू त्या सेक्रेटरीला नको सांगू फकस्त, पोराला परत मान खाली घालाय लागंल."

दोरी सुटली. खांब हलकेच सरळ झाला. मोनालीच्या खिशातला मोबाईल पिंग झाला, लिंक ठणठणीत.

आता मोनालीने खरं तर आनंदाने टाळी वाजवायला हवी होती. पण तिला समोर दिसत होती टोपलीशेजारी उकिडवी बसलेली मावशी आणि तिचे रिकामे हात. मावशीचे हात रिकामे तिने कधी पाहिलेच नव्हते. आणि दुसरं, खांबाला तिन्ही बाजूंनी तारांचे ताण द्यायला हवे होते, हे तिलाही माहीत होतं. सेक्रेटरीने टाकीला भोक पाडू दिलं नाही म्हणून तिने तसंच निभावून नेलं होतं. चूक मावशीच्या गाठीची, तेवढीच तिच्या आळसाची.

तिने बॅगेतून ड्रिल मशीन काढलं.

टाकीशेजारी जिन्याच्या खोलीची भिंत होती. तिथे एक हूक ठोकला, समोरच्या कठड्याला दुसरा, आणि मधे मावशीसाठी एक नवी दोरी बांधली, थाळीच्या खूप खाली. मग खांबाला तारेचे ताण दिले. ड्रिलच्या आवाजाने अख्खी नीलसागर हलली असणार, कारण थोड्याच वेळात खालून, गच्चीवरून कृष्णकांतांचा आवाज आला. सेक्रेटरी कृष्णकांत गुडघ्यांमुळे शिडी चढत नसत, त्यामुळे ते मान वर करून ओरडले.

"काय चाललंय वर? कोणाला विचारून भोकं पाडताय?"

मावशी टोपलीवर पदर टाकून दगडासारखी बसली.

"काका, खांब हलत होता," मोनाली टाकीवरून वाकून म्हणाली. "वाऱ्याने पडला असता तर खाली तुमचीच गाडी असते. टाकीला हात लावला नाही, भिंतीला हूक मारलेत."

गाडीचं नाव निघताच कृष्णकांत जरा नरमले. मग त्यांनी नाक आक्रसलं. "आणि हा वास कसला येतोय?"

"वास?" मोनालीने छाती भरून श्वास घेतला. यात मात्र तिला खोटं बोलावंच लागलं नाही. "मला तर काहीच येत नाही, काका."

"सर्दी झाली असेल तुला," कृष्णकांत म्हणाले आणि खाली गेले.

मावशीने पदर तोंडात कोंबला. मोनालीलाही हसू आवरेना. दोघी टाकीवर बसून हसत राहिल्या, आणि हसता हसता मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मावशी उठली आणि नव्या दोरीवर बोंबलांच्या जोड्या टाकायला लागली.

"चा पयल्यांदा तुला अडवायलाच केला व्हता," ती पाठमोरीच म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मंग तू येशील म्हनून करायला लागले."

महिना संपला. डॉक्टर वसुंधरांचा फोन आला, पण "गेली" म्हणायला नाही. त्यांनी विचारलं, "नक्की काय झालं होतं गं?" मोनाली म्हणाली, "खांब हलत होता मॅडम, बांधला." थाळी नेऱ्याला राहिली. हेतलला मात्र सगळं खरं सांगावं लागलं, आणि पुढे आठवडाभर "मी म्हणाले होते!" हे ऐकून घ्यावं लागलं. पुढची लिंक जाळ्याची करायची, हेही मुकाट्याने कबूल करावं लागलं.

अमावास्या आली. कॅलेंडरवर एकही लाल गोल नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस, लिंक पापणी हलवायला तयार नाही. मोनाली ऑफिसात बसून स्क्रीनकडे बघायची. विचुंब्याला जायला काही कारणच उरलं नव्हतं. इतक्या दिवसांची किरकिर संपली, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं.

आणि एका सकाळी फोन वाजला. रंभामावशी.

"मोना, तुजी ती पेटी बिघडली वाटतं गो. वरचा लाईट गेलाय."

मोनालीने स्क्रीनकडे पाहिलं. लिंक लख्ख चालू होती, जराही ढळलेली नव्हती. मावशी टाकीवर गेली असेल असंही वाटत नव्हतं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"हो का?" मोनाली म्हणाली. "मग यायलाच पाहिजे."

मावशीचं दार उघडंच होतं. आल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता, आणि हा वास मात्र मोनालीला बरोबर आला. आत शिरताना तिची नजर दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. खिळ्याला गच्चीची चावी लटकत होती. खिळ्याखालची भिंत चावीने घासून काळी पडली होती, म्हणजे ती पहिल्यापासून तिथेच असायची.

मावशीने तिची नजर बघितली. दोन कप हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"चावी तिथं हाय बघ," मावशी हळूच म्हणाली. "जायाचं तर जा वर."

"राहू दे तिथेच," मोनाली म्हणाली, बॅग खाली ठेवून सोफ्यावर बसली आणि चहासाठी हात पुढे केला.